वह्या मध्ये ठेवा, मग बोला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांचा अभ्यासगट सुरू करायला काय काय लागतं, असं तू विचारलंस. एकच इयत्ता किंवा एकच विषय शिकवणारे पाच-सहा जण, मुलांच्या वह्या, आणि दर पंधरवड्याला कुणीही मोडणार नाही असा सव्वा तास. यातलं शेवटचं मिळवणं सगळ्यात अवघड.

तुझी शाळा द्विशिक्षकी, म्हणजे गट एका शाळेत जमायचा नाही. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या सरकारी गटातल्या, जवळच्या तीन-चार शाळा धराव्या लागतील. महिन्याच्या शिक्षण परिषदेवर विसंबू नकोस. तिथे सूचना, आढावे, भरायची माहिती यांतच दिवस सरतो. केंद्रप्रमुखांना मात्र आधी भेट आणि वार-वेळ पक्की करून घे. ते गटात बसले तर चांगलंच, पण त्या सव्वा तासात परिपत्रक आणि यू-डायस (शाळेची सरकारला भरून द्यायची माहिती) यांचा विषय काढायचा नाही, एवढा शब्द आधीच घे. एकदा माहिती भरणं सुरू झालं की वह्या पिशवीतून बाहेरच येत नाहीत.

प्रश्न अगदी लहान धर. 'मुलं गणितात कच्ची आहेत' यावर तासभर बोललं तरी हाती काही लागत नाही. 'तिसरीतली मुलं हातच्याच्या वजाबाकीत नेमकी कुठे अडतात?' यावर लागतं.

समजा सगळ्यांनी मुलांना ५२ − २७ दिलं आणि बऱ्याच वह्यांत ३५ आलं. चूक एकच दिसते, पण ती दोन वाटांनी येते. एका मुलाने एककात वरच्या दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले. दुसऱ्याने दशक सुटा करून बारातून सात बरोबर घालवले, पण पाचाचे चार करायला विसरला. दोघांचं उत्तर ३५. पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल, कारण त्याला संख्याच दोन सुट्या अंकांसारखी दिसते आहे. दुसऱ्याला गठ्ठा सोडणं कळलंय. पाच खोडून वर चार लिहायची सवय लावली की पुरे. दोघांना एकच उजळणी दिली तर एकाचा वेळ फुकट जातो आणि दुसरा होता तिथेच राहतो.

म्हणून उदाहरणं गटात बसून निवडा. एककांत नेमका पाचाचा फरक असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात. ५३ − २७ दिलंत तर पहिला ३४ लिहील, दुसरा ३६; बरोबर उत्तर २६. वहीच बोलू लागते. एकट्याने तपासताना हे सहसा ध्यानात येत नाही. चार वह्या शेजारी ठेवल्या की येतं.

बैठकीला प्रत्येकाने सहा वह्या आणाव्यात: दोन बरोबर, दोन चुकलेल्या, दोन काहीच उलगडा न होणाऱ्या. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त वाचायचं. मग चुकीच्या प्रकारानुसार वह्यांचे गठ्ठे लावा, गुणांनुसार नव्हे. त्यातली एकच चूक निवडून तिच्यासाठी एक तासिका सगळ्यांनी मिळून आखा. ती एकाने घ्यावी, दोघांनी मागे बसून पाहावी. जपानमध्ये शिक्षक शंभराहून अधिक वर्षं असाच पाठ-अभ्यास करत आले आहेत. निरीक्षकाने तीन-तीन मुलं वाटून घ्यावीत आणि त्यांनी काय लिहिलं, काय पुसलं, शेजाऱ्याला काय विचारलं तेवढंच टिपावं. शिकवणाऱ्यावर शेरा नको. चर्चा त्याच दिवशी, आणि पहिल्यांदा बोलायचं ते पाठ घेणाऱ्याने.

गट बिघडतो तो बहुधा भीतीने. वह्यांवरून शिक्षकाची पारख होते असं एकदा वाटलं की सगळे सुवाच्य, बरोबर वह्याच आणू लागतात. म्हणून पहिल्या बैठकीत सगळ्यात गोंधळाची वही तू स्वतःच्या वर्गातली ठेव. शाळा-शाळांची तुलना नको, वह्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत. 'छान झाला पाठ' एवढं म्हणून उठणंही तितकंच घातक. जबाबदारी फिरती ठेव. सगळं एकट्याने ओढलंस तर तुझी बदली झाली की गटही संपेल.

तीन आठवड्यांनी त्याच मुलांना ६४ − २८ द्या. ४४ आणि ४६ कुणाकुणाचं येतं ते जुन्या गठ्ठ्यांशी ताडून पाहा. त्यानंतरच ५० − २३ कडे वळा. शून्य आलं की वेगळ्याच चुका निघतात आणि त्यांना स्वतंत्र बैठक लागते.