वाचकांचे प्रश्न : विमान आणि रेल्वे यांच्यामधली सोलापुरातली दुपार

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी म्हापशाला राहतो. मुलीकडे हैदराबादला जाण्यासाठी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सोलापूरपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची रेल्वे असा बेत आखला आहे. दुपारी साडेतीनला विमान उतरेल आणि रात्री दहाला गाडी आहे. मधले साडेसहा तास स्टेशनावर बसून काढण्यापेक्षा अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूर यांपैकी एक दर्शन उरकता येईल का? यजमानांना गुडघेदुखी आहे आणि सोबत दोन मोठ्या बॅगा आहेत.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अक्कलकोट सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटर, तुळजापूर 45 आणि पंढरपूर 70 किलोमीटरहून अधिक आहे. त्यामुळे हिशेब कागदावर जमतो, हे खरे आहे. परंतु दर्शनाची रांग किती लांबेल, हे कोणालाही आधी सांगता येत नाही, आणि गाडी चुकण्याची धास्ती मनात ठेवून घेतलेल्या दर्शनात समाधान कसले? शिवाय तुमचे विमानाचे आणि रेल्वेचे तिकीट वेगवेगळे आहे. विमानाला उशीर झाल्यामुळे गाडी चुकली, तर त्या तिकिटाची भरपाई कोणीही देणार नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की या वेळी शहराबाहेर जाऊ नये. ही तीनही क्षेत्रे एका मुक्कामाच्या योग्यतेची आहेत. त्यांना उरलेल्या वेळात बसवू नका.

आणि खुद्द सोलापूर काय कमी आहे? होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याची सेवा जून 2025 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून येथे उतरून लगेच पुढे निघून जाणारे प्रवासी वाढले आहेत. शहर न पाहताच ते जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विमानतळावरून रिक्षा किंवा टॅक्सी करून आसरा चौक, सात रस्ता असे सरळ रेल्वे स्टेशन गाठा आणि बॅगा क्लोकरूममध्ये ठेवा. तेथे कुलूप नसलेले सामान ठेवून घेत नाहीत, त्यामुळे दोन छोटी कुलपे घरूनच आणावीत आणि पुढच्या प्रवासाचे तिकीट हाताशी ठेवावे. हात मोकळे झाले की तीन-चार तासांसाठी एकच रिक्षा ठरवून घ्या. यजमानांच्या गुडघ्यांना दर ठिकाणी नवी रिक्षा शोधण्याचा त्रास नको.

पहिल्यांदा भुईकोट किल्ल्याकडे जा, कारण तो संध्याकाळी बंद होतो. बहमनी काळातला हा किल्ला सपाटीवर असल्यामुळे डोंगर चढण्याचा प्रश्न नाही. दुहेरी तटबंदी, खंदक आणि आतल्या जुन्या मंदिराचे कोरीव खांब पाहायला पाऊण तास पुरतो. तटावरच्या पायऱ्या मात्र यजमानांनी टाळाव्यात आणि खाली बागेत बसावे. उन्हाळ्यात येत असाल, तर सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेऊन किल्ला पाचच्या आधी करू नये.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वरांचा तलाव आहे आणि त्या पाण्यातच मंदिर आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून हा तलाव खोदवून घेतला. ते बसवेश्वरांच्या काळातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत, आणि कन्नडमध्ये वचने रचणारे वचनकार होते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीनही भाषा एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या गावाचे ग्रामदैवत असे असावे, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. संक्रांतीच्या सुमारास येत असाल, तर नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्याची जत्रा चालू असेल. तेव्हा मात्र गर्दीमुळे रस्ते बंद असतात आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. एरवी दिवेलागणीला मंदिराच्या आवारात निवांत बसता येते.

तेथून जवळच चार पुतळे आहेत. मे 1930 मध्ये सोलापूरकरांनी काही दिवस इंग्रजांचा अंमल झुगारला आणि त्यानंतर शहरात मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. रिक्षा दोन मिनिटे थांबवून त्यांची नावे वाचाच.

वेळ उरला, म्हणजे विमान वेळेवर आले असेल, तरच पूर्व भागात जा. अशोक चौक, साखर पेठ या बाजूला तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची वस्ती आहे आणि गल्लीत शिरण्याआधीच यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. कोणाला विनंती केली, तर दारातून माग पाहू देतात. जकार्ड मागावर वरच्या बाजूला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. ज्या ठिकाणी भोक असेल, तिथला उभा धागा उचलला जातो, खालून धोटा आडवा धागा घेऊन जातो आणि बोटा-बोटाने फूल उमटत जाते. चादर घ्यायची असेल, तर दोन्ही बाजू उलटून पाहा. अस्सल सोलापुरी चादरीवर मागच्या बाजूलाही तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही परगावी विणलेला माल याच नावाने खपवला जातो. कडेचा एक सुटा धागा दुकानाबाहेर जाळून बघितला, तर सुती धाग्याची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

साडेआठपर्यंत स्टेशनच्या परिसरात परत यावे आणि जेवण तेथेच करावे. शेंगा भाजी, ज्वारीची कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगा चटणी एवढे पुरे. कडक भाकरी अनेक दिवस टिकते, म्हणून मुलीसाठीही बांधून घ्या. चटणी उखळात कुटलेली असेल, तर शेंगदाण्याचे तेल सुटून ती हाताला ओलसर लागते आणि चिमटीत धरली की गोळा होतो. कोरडी भुरभुरीत असेल, तर दुसऱ्या दुकानात जावे.

परतीच्या प्रवासातही सोलापूरहून विमानच धरणार असाल, तर चटणीची पुडी चेक-इनच्या बॅगेत ठेवा. मिरचीपूड असलेले पदार्थ हातातल्या बॅगेत असले, तर सुरक्षा तपासणीत अडकतात. चादरी घेतल्या, तर बॅगेचे वजनही घरीच करून निघा, कारण चेक-इनच्या सामानाची मर्यादा बहुधा 15 किलोंची असते आणि दोन जाड चादरींनी त्यातली बरीच जागा खाल्लेली असते.