‘औदुंबर’ कवितेतला औदुंबर नक्की कशाचं प्रतीक आहे?

एका शब्दात उत्तर शोधू नका, तिथेच गाडी अडते. बालकवींची ही कविता जेमतेम आठ ओळींची. आधी त्यातले रंग बघा: निळासावळा झरा, हिरवी शेतं, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट जाते कुठे? ‘काळ्या डोहाकडे’. चार घरांचं गाव मागे राहतं, माणूस एकही दिसत नाही, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं एक झाड. म्हणून काहींना इथे मृत्यूची चाहूल लागते, काहींना विरक्ती दिसते. औदुंबर म्हटलं की मराठी मनाला दत्त आठवतातच, त्यामुळे ध्यानस्थ जोग्याचं चित्रही आपसूक उभं राहतं.

माझं मत विचाराल तर किल्ली ‘गोड काळिमा’ या दोन शब्दांत आहे. काळिमा आहे, पण गोड. भीती नाही, हवीहवीशी उदासी आहे. ‘बसला असला औदुंबर’ या शेवटातला ‘असला’ हा शब्दही मोठा गमतीचा: ‘असा बसलेला’ म्हणा, नाहीतर ‘हा असला औदुंबर!’ म्हणा, दोन्ही चालतं.

बालकवी १९१८ मध्ये ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात गेले, म्हणून काही जण डोहात तेच भविष्य वाचतात. मला ते ओढूनताणून वाटतं.