खाडाखोड नसलेली वही

एप्रिलात, आंब्याच्या ऐन धांदलीत, पावसजवळच्या गावातले एक बागायतदार मुलीला घेऊन रत्नागिरीला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. तिला सायली म्हणू, खरं नाव वेगळं आहे. बीएस्सी डेटा सायन्सचं पहिलं वर्ष, गणितात एटीकेटी.

"मॅडम, बारावीला हिला गणितात ८८ होते. आता म्हणते डोक्यात शिरतच नाही, कोर्स सोडते. काय करावं?"

त्यांना संध्याकाळी पेट्यांची गाडी भरायची होती, त्यामुळे उत्तरही लगेच हवं होतं. एटीकेटी म्हणजे वर्ष बुडालं असं नाही, पुढच्या सत्राला बसून राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, एवढं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. सायलीला मात्र मी त्या दिवशी आत्मविश्वासाचे चार शब्द ऐकवले. तिने मान डोलावली. ती मान पाहूनच कळलं, आपण वाया गेलो.

पुढच्या वेळी तिला वही आणायला सांगितली. मानसशास्त्राकडे वळण्याआधी मी बीएस्सीला गणित घेतलं होतं, त्याचा असा कधीतरी उपयोग होतो. वही देखणी होती. तीन रंगांची पेनं, चौकटीत उत्तरं आणि सबंध वहीत एकही खाडाखोड नाही! मला अशा वह्यांची धास्तीच वाटते. सगळी गणितं व्हिडिओ थांबवून उतरवलेली.

त्यात एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, होतं: कर्णावर १ आणि १, बाजूला ०.८ आणि ०.८. त्याच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे मॅट्रिक्समधून काढायचे खास आकडे, १.८ आणि ०.२. तिने माझ्यासमोर तीन मिनिटांत पुन्हा काढून दाखवल्या.

"म्हणजे काय गं?"

गप्प.

बारावीत मॅट्रिक्स येतं ते समीकरणं सोडवण्यापुरतं. तिथे रीत पाठ असली की भागतं. इथे 'कशासाठी' विचारतात आणि ८८ वाली मुलंच आधी गडबडतात, कारण अडण्याची त्यांना सवयच नसते.

मग आम्ही आंब्यांवर आलो. धरून चाला, बागेतल्या हापूसचं सरासरी वजन २५० ग्रॅम, लांबी १० सेंटीमीटर. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा फरक, ४० ग्रॅम आणि १ सेंटीमीटर. सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीने वाढतात ते, ०.८. एक आंबा २९० ग्रॅमचा, ११ सेंटीमीटर. दुसरा २१० ग्रॅमचा, तोही ११ सेंटीमीटर. सरासरीपासून दोघंही सारखेच दूर. "बाबा कुठला बाजूला काढतील?"

"दुसरा," ती लगेच म्हणाली. "लांब आहे पण हाताला हलका. कोवळा असणार."

हेच १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांनी सूत्रात मांडलं. त्यांच्या रीतीने पहिल्या आंब्याचं अंतर साधारण १ येतं, दुसऱ्याचं ३ च्या वर. वहीतल्या मॅट्रिक्समधला ०.८ म्हणजे हाच सहसंबंध, आणि आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या-त्या दिशेला आंबे किती पसरलेत याचं माप. वजन-लांबी एकत्र वाढण्याची दिशा ती १.८ ची, तिकडे आंबे मोकळे पसरलेले. आडवी दिशा ०.२ ची, तिकडे क्वचितच कुणी जातं. हलका आंबा नेमका तिकडे गेलेला. सायलीने वही ओढली आणि पहिल्यांदाच पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात आकडे घालून पाहिले. पहिलं उत्तर चुकलं. तिला ते खोडू दिलं नाही.

काम एवढंच दिलं: सहा आठवडे रोज एक गणित, व्हिडिओ बंद ठेवून, दोन बाय दोनचं, आकडे घरचे. सोडवण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते लिहायचं. त्यानंतरही 'का' विचारायचा कंटाळाच येत असेल, तर खुशाल कोर्स बदल. तसं करणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ते एटीकेटीच्या भीतीने ठरवू नये.

तिचा पेपर सुटला, काठावर. फोन तिनेच केला. मागून बाबांचा आवाज येत होता, "विचार मॅडमना, तो महालनोबिस आंब्याचा व्यापारी होता काय?"