चौथीतला मुलगा पाढे धडाधड म्हणतो, पण वाचायला बसला की अडतो. सर म्हणतात आळशी आहे. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगतो आणि बाजारात त्याचा हिशेबही चुकत नाही. मग डोकं तल्लख आहे हे उघडच आहे. मी आर्णी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. अशी लेकरं वर्गात असतातच, आणि 'आळशी' हा शिक्का त्यांच्यावर सगळ्यात आधी बसतो.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर डिस्लेक्सियाची शंका घ्यायला जागा आहे. यात अक्षर नीट दिसतं, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड लवकर बसत नाही. बऱ्याचदा हे घराण्यातच असतं. त्याच्या बाबांना, काकांना वाचन जड जायचं का, विचारून बघा. घरी गोंडी किंवा कोलामी बोलत असाल, किंवा वेचणीच्या दिवसांत शाळा बुडत असेल, तर मात्र कारण वेगळंही असू शकतं.

शेजारी बसून तो नेमका कुठे अडतो ते बघा. माझ्या वर्गातली एक पोरगी 'बाजरी'ला 'बाजार' वाचायची. सुरुवात ओळखायची, पुढचं अंदाजपंचे. भ-म, घ-ध यांत गल्लत. पहिली वेलांटी तर खरी डोकेदुखी: काढायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर!

दहा-दहा वेळा लिहायला लावणं बंद करा, त्यानं नुसता हात दुखतो. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. आधी पुस्तक बाजूला ठेवून विचारा: 'कापूस'मधला 'का' काढला, काय उरलं? मग ताटात रवा पसरून, तोंडानं आवाज काढत एकच अक्षर बोटानं गिरवू द्या. धडा तुम्ही वाचा, त्यानं बोट ठेवत मागोमाग म्हणावं. वर्गात सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, उत्तरं तोंडी घ्या, असं सरांना स्पष्ट सांगा.

तपासणीसाठी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. पक्कं निदान साधारण आठ वर्षांनंतर करतात, म्हणजे तुमच्या मुलाचं होऊ शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे; प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. घरचे 'असा कागद नको' म्हणतील, तरी अर्ज करा. जाताना त्याची रोजची वही न्या, खाडाखोडीची. मुद्दाम नीट उतरवून घेतलेली नको.