2019ची मियाटा: स्पोर्ट, क्लब की ग्रँड टूरिंग?

तुम्ही शिकागोच्या उपनगरात राहता, 2019ची सेकंडहँड माझदा मियाटा (टप, म्हणजे छत, उघडणारी दोन सीटची छोटी गाडी) घ्यायची आहे. स्पोर्ट, क्लब आणि ग्रँड टूरिंग हे तिचे तीन प्रकार, आणि बघितलेल्या तिन्ही गाड्या मॅन्युअल आहेत. मित्र म्हणतो क्लब सोडून दुसरी घेऊच नकोस, मिसेस म्हणतात गरम होणारी सीट हवीच. मीही इथलाच. आधी तीन वर्षं 2016ची स्पोर्ट चालवली, आता 2019ची ग्रँड टूरिंग आहे. माझं मत मिसेसच्या बाजूने. फक्त ग्रँड टूरिंग घ्याल तर जीटी-एस पॅकेजवालीच घ्या, ते काय ते पुढे सांगतो.

वर्ष अगदी बरोबर निवडलंत. 2019ला या दोन लिटर इंजिनाची ताकद 155वरून 181 हॉर्सपॉवर झाली आणि ते 6800 ऐवजी 7500 आरपीएमपर्यंत जायला लागलं. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टिअरिंग पुढे-मागे सरकायला लागलं. आधी ते नुसतं वर-खाली व्हायचं. माझी उंची पाच फूट दहा इंच. जुन्या गाडीत पाय मोकळे ठेवले की हात ताणले जायचे, सीट पुढे घेतली की क्लच दाबताना गुडघा अवघडायचा. 2019च्या तिन्ही प्रकारांत ही सोय आहे, त्यामुळे त्यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज नाही.

आता मित्राचं म्हणणं. तो चुकीचं सांगत नाहीये. क्लबमध्ये बिलस्टीनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पट्टी आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल येतं. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग; लिमिटेड स्लिपवालं एकच चाक नुसतं फिरू देत नाही. वळणावर आतलं मागचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर तेच चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी पुढे ओढत नाही. स्पोर्टमध्ये मी हे पावसात कितीदा तरी अनुभवलंय. सीट, स्पीकर, टायर नंतर बदलता येतात. डिफरन्शियल बदलायचं म्हणजे मागचं बरंच काही उतरवायचं, आणि तो खर्च करायला नंतर हात होत नाही.

पण 2019ला मॅन्युअल ग्रँड टूरिंगवर जीटी-एस नावाचं पॅकेज मिळत होतं, आणि त्यात नेमक्या याच तीन गोष्टी होत्या. जाहिरातीत ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. बॉनेट उघडा, आडवी पट्टी दिसते का बघा. मग गाडी मेकॅनिककडे लिफ्टवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं एक चाक हाताने फिरवायला सांगा. दुसरं चाक उलट फिरलं तर डिफरन्शियल साधं. त्याच दिशेला फिरलं तर हवं ते मिळालं. मी माझ्या गाडीचं असंच बघून घेतलं.

गरम सीट म्हणजे चैन, असं मलाही वाटायचं. बंद गाडीत ती चैन असेलही. उघड्या गाडीत मात्र टप किती दिवस उघडा ठेवता येणार, ते तीच ठरवते. गेल्या ऑक्टोबरातली सकाळ, आठ अंश, लख्ख ऊन. बसल्या जागेवरून एका हाताने टप मागे टाकला, खिडक्या वर, हीटर पायांवर, सीट पूर्ण गरम. लेक मिशिगनच्या काठाने शेरिडन रोडवरून ग्लेन्कोच्या घळींपर्यंत गेलो. तिथे रस्ता झाडांतून खाली उतरतो आणि लागोपाठ वळणं घेतो. कान गार पडले होते, पण पाठ आणि मांड्या उबदार, त्यामुळे परत फिरावंसं वाटेना. स्पोर्टमध्ये अशा सकाळी मी टप बंदच ठेवायचो. म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच करत नव्हतो. इथल्या हवेत एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने त्या एका बटणावर मिळतात. ग्रँड टूरिंगमध्ये ते असतंच. दुसरी कुठली घेतलीत तर प्रत्यक्ष दाबून खात्री करा.

ग्रँड टूरिंगमधलं ब्लाइंड स्पॉट मॉनिटरही (न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आली की इशारा देणारं) उपयोगाचं आहे. टप लावला की मागचा कोपरा दिसत नाही, आणि हायवेवर शेजारी ट्रक असला की आपण त्याच्या चाकांच्या उंचीवर असतो. ऑटोमॅटिक एसीशिवाय माझं अडलं नसतं. हेडरेस्टमधले बोसचे स्पीकर छान आहेत, पण ते क्लबमध्येही मिळतात.

क्लबवर ब्रेम्बो ब्रेक, बीबीएसची चाकं आणि रेकारो सीटचं पॅकेज असेल तर घरातल्या मोठ्यांना आधी बसवून बघा. माझे बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा मित्राच्या अशा गाडीत त्यांना सीटची उंच कड ओलांडता येईना. माझ्या गाडीत आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, हे दोनदा करून दाखवल्यावर त्यांना जमलं.

स्पोर्ट घेण्यासारखी एकाच परिस्थितीत: बजेट खरंच ताणलं जात असेल आणि रेस ट्रॅकवर जायचं नसेल. तिची 16 इंची चाकं इथल्या खड्ड्यांत 17 इंचींपेक्षा नरम वाटतात, टायरही स्वस्त पडतात.

बघायला दोघं मिळून जा. थंडी असली तरी टप उघडूनच निघा, आणि निम्मा वेळ मिसेसना चालवू द्या. क्लच, स्टिअरिंग आणि सीट त्यांनाही जमतेय का ते त्याच दिवशी कळेल.