‘काका वरून सगळं बघत होते’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या चुलत्यांना झटका आला. दवाखान्यात हृदय बंद पडलं, शॉक देऊन चालू केलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, ‘काळोख्या बोळातून उजेडाकडं गेलो, आजी भेटली.’ ते खोटं बोलणारे नव्हेत. मग हे काय समजायचं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : चुलते खोटं बोलत नाहीत, हे आम्हालाही मान्य आहे. अनुभव खराच. प्रश्न एवढाच, की तो कशामुळं आला आणि नेमका कधी आला.

हृदय थांबल्यावर १० ते २० सेकंदांत शुद्ध जाते, पण मेंदूच्या पेशी मरायला काही मिनिटं लागतात. छाती दाबत असताना थोडं रक्त मेंदूकडं जातच असतं. म्हणजे काका मरून परत आले नाहीत, मरणाच्या वाटेवरून वळवले गेले. शुद्ध जातानाचे सेकंद आणि ती परत येतानाचा काळ, या दोन्ही वेळी मेंदू अर्धवट चालू असतो. दृश्य तेव्हाही तयार होऊ शकतं. मागं वळून पाहताना माणसाला ते ‘बंद’ काळातलंच वाटतं.

बोळ दिसण्याचं कारण बहुधा डोळ्यात आहे. रक्त कमी पडलं की कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. अमेरिकेत जेम्स व्हिनेरी यांनी गरगर फिरणाऱ्या यंत्रात बेशुद्ध होणारे लढाऊ वैमानिक अभ्यासले. हे धडधाकट लोक, तरी त्यांच्यातही बोळासारखी नजर, तरंगणं, जवळची माणसं दिसणं आढळलं.

पण ‘ऑक्सिजन कमी पडला, बास’ असं सांगून मोकळं होऊ नये. २०१० साली स्लोव्हेनियातल्या ५२ रुग्णांच्या अभ्यासात ११ जणांना असा अनुभव होता. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त होता, ऑक्सिजनचा संबंध मात्र दिसला नाही. आणि १९९० च्या एका अभ्यासात असा अनुभव सांगणाऱ्या ५८ जणांपैकी ३० जणांच्या जिवाला कागदपत्रांनुसार धोकाच नव्हता. आपण मरतोय ही भीतीसुद्धा पुरते. एकाच कारणात सगळं बसवू पाहणारा शंकेखोरही घाईच करतो.

प्रश्न : आमच्याकडं उजेड नाही, यमदूत दिसतात. असं का?

उत्तर : बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार-मेंदूविकार संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या १६ घटना मांडल्या. त्यात दूत नेतात, वही तपासली जाते, ‘चुकीचा माणूस आणला’ म्हणून परत पाठवतात. पाश्चात्त्य रुग्णांच्या कथनांत ही वही नसते. लहानपणी ऐकलेलंच मेंदू हाताशी घेतो.

प्रश्न : काका म्हणतात, छताजवळून त्यांनी सगळं पाहिलं. नर्सचं बोलणंही बरोबर सांगतात!

उत्तर : शरीर कुठं आहे याचा हिशेब मेंदू सतत ठेवतो. २००२ साली ओलाफ ब्लांके यांच्या गटानं एका अपस्मारग्रस्त बाईच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वरच्या मागच्या भागात वीज दिली, तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहतोय असं वाटलं. बोलणं तर डोळे मिटूनही कानावर पडतं.

२०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या लावून, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना नोंदल्या, वाचलेल्यांपैकी १४० जणांची मुलाखत झाली. पाहिलं-ऐकलं सांगणारे दोघंच, आणि तेही फळी नसलेल्या ठिकाणचे. त्यांतल्या एकाचं सांगणं प्रत्यक्षाशी जुळलं. म्हणजे त्या चाचणीतून निकाल लागलाच नाही.

तुम्हाला तपासायचं असेल तर असं करा. काका बोलण्याच्या स्थितीत येताच, नातेवाइकांनी काही सांगण्याआधी, त्यांचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून घ्या. ‘उजेड दिसला का?’ असं विचारू नका, ‘काय आठवतंय?’ एवढंच विचारा. मग दवाखान्याच्या कागदांवरून शॉकची, औषधांची, शुद्धीची वेळ मिळवा. भुलीचं किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का, तेही पाहा, केटामाइन या भुलीच्या औषधानंही असे अनुभव येतात. चुकलेलं वाक्यही खोडू नका. जुळलेलीच वाक्यं घरात उरतात, बाकीची चार दिवसांत विसरली जातात.

तुमच्या काकांच्या बाबतीत हा काळ उलटून गेला असेल, तर निदान आता लिहिताना कोणी कोणाकडून काय ऐकलं ते वेगळं नोंदवा.