आठवीतल्या मुलीला एचएसकेची एवढी घाई कशाला?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. सहा महिन्यांपासून चिनी भाषेच्या क्लासला जाते. यंदा एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्या आणि पुढच्या वर्षी तिसरी द्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. पुढे दुभाषी म्हणून करिअर करता येईल. रोज रात्री मी साठ शब्दांची चाचणी घेते. ती म्हणून दाखवते त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे तिला हुरूप येतो. मला चिनी येत नाही, त्यामुळे सगळे शब्द देवनागरीत लिहून घेतले आहेत. हल्ली ती क्लासमध्ये फारशी बोलत नाही, पण लेखी चाचणीत मार्क चांगले आहेत. तयारी आणखी कशी वाढवावी? – एक आई

उत्तर : ताई, तयारी वाढवू नका. ती क्लासमध्ये बोलत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथेच थांबले. भाषा शिकणारं या वयाचं मूल गप्प होतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याने चुकायची धास्ती घेतलेली असते. क्लासमध्ये चुकलं तर शिक्षक सुधारतात आणि तिथेच विषय संपतो. तुमच्या घरी ती चूक रेकॉर्ड होते, मामा-काकांपर्यंत पोचते. याने हुरूप येतो हे तुमचं मत झालं. तिला विचारलंत का? व्हिडिओ आजच बंद करा. रात्रीची चाचणीही. पहिल्या पातळीची शब्दयादी, जी अजून बहुतेक पुस्तकांत आहे, ती जेमतेम 150 शब्दांची. रोज साठ विचारले तर तिसऱ्या दिवशी यादी संपते. त्यानंतर तपासला जातो तो तिचा धीर.

आणि मार्कांवर विसंबू नका. पहिल्या दोन पातळ्यांत फक्त ऐकणं आणि वाचणं असतं. 200 पैकी 120 मिळाले की पास. तोंडातून एक शब्द न काढता दोन्ही सर्टिफिकेटं मिळतात. बोलण्याची परीक्षा, एचएसकेके, वेगळी द्यावी लागते. दुभाष्याचं तर कामच बोलण्याचं आहे. त्या वाटेवर निघालेली मुलगी गप्प होत असेल, तर चांगल्या मार्कांनी मला दिलासा मिळत नाही.

घाईचा हिशेबही जुळत नाही. चीनमधल्या विद्यापीठात प्रवेशासाठी एचएसकेचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात. आठवीत मिळवलेला निकाल बारावीनंतर कामाचा नाही. तिथे चिनी माध्यमातून पदवी घ्यायची तर साधारणपणे चौथी किंवा त्यावरची पातळी मागतात, आणि दुभाष्याच्या कामाला त्याहून पुष्कळ जास्त भाषा लागते. पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या जोरावर कोणी नोकरी देणार नाही, हे मनाशी पक्कं करा.

आता त्या देवनागरी वहीबद्दल. शब्द आपल्या लिपीत लिहून पाठ केले की भाषा येते, हा समज मला बऱ्याच घरांत दिसतो. चिनीत टोन, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलला की अर्थ बदलतो, आणि देवनागरीत टोन उमटतच नाही. पहिल्या यादीतलं 'विकत घेणे' आणि दुसरीतलं 'विकणे', दोन्ही तुमच्या वहीत 'माइ' असंच असणार. पहिल्यात आवाज खाली जाऊन वर येतो, दुसऱ्यात वरून झटकन खाली पडतो. वही वाचून हे तुम्हाला कळणार नाही, आणि तुम्ही 'बरोबर' म्हणालात की चुकीचा टोन तिच्या जिभेवर पक्का होतो. खरं तर मराठी मुलांना एक गोष्ट आयती मिळालेली असते. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. तिच्यातला 'डी' आपल्या 'त'च्या जवळचा, 'टी' हा 'थ'च्या जवळचा. 'जी' म्हणजे जवळपास 'क' आणि 'के' म्हणजे 'ख'. हा फरक आपण लहानपणापासून बोलतो, पण इंग्रजीसारखं वाचून वहीत 'द' आणि 'ग' उतरवला की तो फायदा गेला. शिवाय तिसऱ्या पातळीच्या वाचनात पिनयिनचा आधार नसतो आणि चिनी चिन्हं लिहावी लागतात. तिथे या वहीचा काही उपयोग नाही. ती ठेवून द्या. शिक्षकांकडून ध्वनिफिती घ्या, त्या तिला ऐकू द्या, मागे म्हणू द्या. तपासायला जाऊ नका. वाटलं तर तिच्याकडून चार वाक्यं तुम्हीच शिका. टोन तुमचे चुकतील, सुधारेल ती.

चिनी शिकायचं कोणी ठरवलं, हे तुमच्या पत्रात नाही. तिला विचारा आणि 'नको' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. यंदा परीक्षा नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वर्षी ती आपणहून म्हणाली, तर फक्त पहिली पातळी द्या, किंवा शाळकरी मुलांसाठी असलेली वायसीटी बघा. 2021 मध्ये एचएसकेसाठी नऊ पातळ्यांचा नवा आराखडा जाहीर झाला आहे, त्यात शब्दसंख्या वेगळी आहे. त्यामुळे पुस्तकं घेण्याआधी आपल्या परीक्षेला कोणती यादी लागू आहे, ते केंद्रावर विचारून घ्या.